केप रॅथच्या वाऱ्यातला होकार

मी कानाचं मशीन आहे, मित्रांनो, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. रंगाने मळकट, आकाराने काजूएवढा. कुणाच्या तरी कानामागे बसायचं, बाहेरचं ऐकायचं आणि ते नळीतून आत पोचवायचं, एवढंच माझं काम. मला स्वतःला बोलता येत नाही. फार तर शिट्टी वाजवता येते, आणि ती बहुतेक नको त्या वेळी वाजते.

माझे मालक हरिदास. त्यांची नात अक्षरा ग्लासगोत जन्मली आणि वाढली. तिच्या मराठीत मी कधी 'तो मशीन' असतो, तर कधी 'ती मशीन'. तिच्या सोयीसाठी मी 'तो' झालो आहे. तुम्हीही तसंच समजा.

कारखान्यात मी कसा जुळवला गेलो, ते मला आठवत नाही. आठवतं ते लंडनमधलं कानाचं क्लिनिक. तिथल्या बाईंनी हरिदासांच्या डाव्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि तो माझ्या नळीला जोडला. उजवा कान कामातून गेलेला होता. भुयारी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हरिदासांनी तीस वर्षं विजेची कामं केली. तिथल्या खडखडाटाने एक कान पूर्ण घेतला आणि दुसरा अर्धा.

लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरी आलो त्या दिवशी माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! हरिदासांना घड्याळ ऐकू आलं, फोडणी ऐकू आली, शेजारच्यांचं कुत्रं ऐकू आलं. त्यांच्या पत्नी रंभाबाई स्वयंपाक करताना भीमगीतं गुणगुणतात, हे तर त्यांना नव्यानेच कळलं.

"अहो, इतकी वर्षं गुणगुणते मी. तुम्हाला माहीतच नव्हतं?" रंभाबाई म्हणाल्या.

"नाही गं," असं म्हणून ते तिथेच खुर्ची ओढून तासभर बसून राहिले.

हे सुख वर्षभर टिकलं. हरिदास बोलणारे गृहस्थ होते. ईलिंगच्या हॉलमध्ये दर एप्रिलला जयंती व्हायची आणि त्यांच्या भाषणाशिवाय ती झाल्यासारखी वाटायची नाही. त्या वर्षी बोलता बोलता त्यांच्या कानातला साचा सैल झाला आणि मी शिट्टी वाजवली. माइकने ती हॉलभर पोचवली. मागच्या रांगेतली तरुण पोरं हसली. त्यात वाईट हेतू नव्हता, पण हसू ते हसूच. हरिदासांनी भाषण पुरं केलं, गाडीत येऊन बसले आणि मला काढून चष्म्याच्या डबीत टाकलं.

त्यानंतर मी फक्त डॉक्टरांसमोर आणि मुलीसमोर कानावर चढायचो. एरवी हरिदास तीन उत्तरांवर भागवायचे. 'हो हो', 'बरोबर आहे' आणि 'तू म्हणशील तसं'. एवढ्या भांडवलावर माणूस पिनरमध्ये आरामात वर्षं काढू शकतो. कुणालाही संशय येत नाही, उलट स्वभाव फार गोड आहे असं लोक म्हणतात.

मग रंभाबाईंच्या पोटात कॅन्सर निघाला. दोनदा केमो झाली. दुसऱ्या वेळी त्यांचे केस गेले, नखं काळी पडली आणि जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसायला लागल्या. मग एका हिवाळ्यात तो परत आला. तिसऱ्यांदा केमो घेतली तर थोडे महिने वाढतील, कदाचित वाढणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. घ्यायची की नाही हे तुम्हीच घरी बोलून ठरवा, मे महिना संपायच्या आत कळवा.

घरी बोलणार कसं? रंभाबाईंनी विषय काढला की हरिदास उभे राहायचे. "आपण लढणारी माणसं आहोत, रंभा. बाबासाहेबांनी आपल्याला माघार शिकवलेली नाही." पुढची दहा मिनिटं मग सभाच. रंभाबाई ऐकून घ्यायच्या आणि भांडी घासायला उठायच्या. ते घाबरलेले होते, हे मला डबीतूनसुद्धा कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या भाषणात मध्ये बोलायला जागा नसते.

त्यांची मुलगी रूपाली ग्लासगोत फार्मसिस्ट आहे. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने त्यांना स्कॉटलंडच्या उत्तरेची टूर करून दिली. पाच दिवस जहाज, चार दिवस कोच. ग्रीनॉकच्या धक्क्यावर तिने मला स्वतःच्या हाताने वडिलांच्या कानात बसवलं.

"बाबा, हे काढायचं नाही. आईने हाक मारली तर तुम्हाला ऐकू यायला हवं. आय ॲम सीरियस. प्रॉमिस?"

"हो हो," हरिदास म्हणाले. त्या वेळी त्यांना खरंच ऐकू आलं होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. ढगांखाली एकामागून एक बेटं येत होती. घर नाही, झाड नाही, ओल्या गवतावर नुसत्या मेंढ्या. एका खडकावर सील पडले होते. हरिदासांना त्यांचं कण्हणं मी ऐकवलं आणि ते रंभाबाईंना म्हणाले, "आपल्या इंद्रजितच्या घोरण्यासारखं आहे बघ." इंद्रजित हा त्यांचा जावई. रंभाबाई हसल्या, पण लगेच पोटावर हात धरून थांबल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाज केप रॅथपाशी आलं. ब्रिटनची जमीन तिथे वायव्य टोकाला संपते. काळे कडे, वर एकटं दीपगृह आणि पलीकडे उत्तरेला नुसतं करडं पाणी. वारा असा सुटला की बाकीचे प्रवासी गरम चॉकलेट प्यायला आत पळाले. मला तर वारा अजिबात मानवत नाही. कानाशी कुणी ताडपत्री फडफडवावी तसा आवाज मी आत पाठवत होतो. हरिदासांना तो सहन होईना. रंभाबाई कड्यांकडे बघत आहेत असं पाहून त्यांनी लोकरीच्या टोपीखालून मला हळूच काढलं, कोटाच्या आतल्या खिशात टाकलं आणि टोपी परत कानांवर ओढली. बॅटरीचं झाकण उघडायला मात्र विसरले. मी खिशात जागाच राहिलो.

दोघं बाकावर एका ब्लँकेटमध्ये बसले होते. रंभाबाई त्यांच्या डाव्या बाजूला सरकल्या. ऐकू यावं म्हणून त्या नेहमी डावीकडेच बसायच्या.

"अहो, ऐकता ना? मला नाही घ्यायची ती केमो परत," त्या म्हणाल्या. "आता अंगात तेवढा जोर नाही राहिला. जे दिवस आहेत ते घरी काढीन, माझ्या किचनमध्ये. सोमवारी हॉस्पिटलला फोन करून सांगते. पण तुम्हाला वाटत असेल घ्यावी, तर घेईन मी. तुमच्यासाठी घेईन. तुम्ही सांगाल तसं करू. चालेल ना?"

मित्रांनो, मी प्रत्येक शब्द ऐकला. आयुष्यात एवढं महत्त्वाचं काही माझ्यापर्यंत आलं नव्हतं, आणि मी खिशात होतो. मी शिट्टी वाजवली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून वाजवली. लोकरीत ती मुरली, उरलेली वाऱ्याने नेली.

हरिदासांना रंभाबाईंचे ओठ हलताना दिसले. चेहऱ्यावर काहीतरी विचारलेलं दिसलं. सकाळपासून त्या आत जाऊ या का, चहा घेऊ या का, असं विचारतच होत्या. हरिदासांनी मान डोलावली.

"हो हो. तू म्हणशील तसं."

रंभाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हरिदासांच्या खांद्यावर डोकं टेकून त्या रडल्या. "वारा फार आहे," हरिदास म्हणाले आणि मफलरच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले.

त्या संध्याकाळी केबिनमध्ये मी पुन्हा कानात गेलो. रंभाबाईंनी वाटीभर सूप संपवलं. कपडे घडी घालता घालता त्या गुणगुणल्या. हिवाळ्यापासून त्या गुणगुणल्या नव्हत्या. हरिदासांना वाटलं, समुद्राची हवा मानवली. इन्व्हरगॉर्डनला जहाज सोडून कोचमध्ये बसल्यावर शेजारच्या लीड्सच्या जोडप्याला ते आपणहून सांगायला लागले, "मिसेस इज मच बेटर. इट्स द एअर." किती आनंदात होते! मला तो आनंद बघवत नव्हता. माझ्याइतकं जवळ त्यांना दुसरं कुणी नव्हतं, आणि मी त्यांना काही सांगू शकत नव्हतो.

कोच रॅनक मूरवर थांबली. मैलोन्‌मैल तपकिरी दलदल, काळ्या पाण्याची डबकी, दूरवर ढगात बुडालेले डोंगर. माणसाची खूण म्हणाल तर तो एक रस्ता. रंभाबाई खाली उतरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"किती मोकळं आहे हो," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी परत येऊ," हरिदास म्हणाले.

रंभाबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला. सगळं माहीत असून हे आपलं मन राखायला बोलताहेत, असं रंभाबाईंना वाटलं. आणि त्यांनी हात दाबला म्हणजे त्या नक्की येणार, असं हरिदासांना वाटलं. मी कानातच होतो. पोचवण्यासारखं काही बोललंच गेलं नाही.

सोमवारी ग्लासगोत, रूपालीच्या किचनमध्ये रंभाबाईंनी हॉस्पिटलला फोन केला. फोन ठेवला तेव्हा रूपाली समोर उभी होती.

"आई, नको सांगितलंस म्हणजे काय? असं कसं डिसाइड केलंस? बाबांना विचारलंस?"

"त्यांना विचारल्याशिवाय करीन का मी? जहाजावर विचारलं. म्हटलं, तुम्हाला हवं असेल तर घेईन. ते म्हणाले, तू म्हणशील तसं." रंभाबाई हरिदासांकडे बघून हसल्या. "मला वाटलं होतं भाषण करतील. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हटलं, आता कसली भीती."

ह्यातलं अक्षर न् अक्षर मी आत पोचवलं. हरिदासांचा हात वर आला आणि त्यांनी मला चाचपून पाहिलं. त्यांना तो बाक आठवला असणार, तो वारा, तो खिसा.

'मला ऐकूच आलं नव्हतं.' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. रंभाबाईंनी पुन्हा फोन उचलला असता आणि त्यांच्यासाठी त्या तिसऱ्यांदा सुया टोचून घ्यायला गेल्या असत्या. हरिदासांनी तोंड उघडलंही. समोर रंभाबाईंचा चेहरा होता. आजार आल्यापासून तो इतका शांत त्यांनी पाहिला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "म्हणालो मी तिला."

"बाबा, तुम्ही? हाऊ कुड यू?" रूपाली बाहेर निघून गेली. अक्षरा आतल्या खोलीतून आली आणि आजीजवळ उभी राहिली. "आजी, तुझा चहा थंड झाली," एवढंच तिला सुचलं.

रंभाबाई त्यानंतर चौदा आठवडे जगल्या. त्या चौदा आठवड्यांत हरिदासांनी मला एकदाही डबीत टाकलं नाही. बॅटरी संपायच्या आधीच बदलायचे. किचनमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि त्यांचं गुणगुणणं ऐकायचे. पुढे गुणगुणणं बंद झालं, नुसता श्वास राहिला, तोही मी पोचवत होतो. अंत्यविधीच्या वेळी त्रिशरण म्हटलं गेलं, लोकांनी हरिदासांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

रूपाली वडिलांशी कामापुरतं बोलायची. आईला वाचवायची एक संधी होती ती बाबांनी घालवली, हे तिच्या मनातून जात नव्हतं. जानेवारीत ती आईचे कपडे आवरायला पिनरला आली. एक स्वेटर मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, मग उठून वडिलांच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"बाबा, खरं सांगा. जहाजावर आईने विचारलं, तेव्हा तुम्ही मशीन घातलं होतं?"

बॅटरी त्याच सकाळी बदललेली होती. मी प्रश्न जसाच्या तसा आत पोचवला. खरं सांगितलं असतं तर मुलीचा राग कदाचित निवळला असता. पण मग रंभाबाई ज्या होकाराच्या आधारावर शांतपणे गेल्या, तो होकार कधी नव्हताच, असं झालं असतं. हरिदासांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कानामागे हात धरून तिच्याकडे वळले.

"काय म्हणालीस?"

रूपालीने त्यांच्या हाताआडून दिसणाऱ्या माझ्याकडे एकदा पाहिलं.

"काही नाही, बाबा. चहा टाकते."

आता माझी नळी कडक झाली आहे, आवाज फाटतो. पुढच्या महिन्यात क्लिनिकमध्ये नवीन मशीन मिळेल आणि मी ड्रॉवरमध्ये जाईन. घरात बोलणारं कुणी नाही, तरी हरिदास सकाळी उठल्याबरोबर मला घालतात. मी त्यांना फ्रिजची घरघर ऐकवतो आणि दारात पडलेल्या टपालाचा आवाज ऐकवतो.

मित्रांनो, मला पुसा, कोरडं ठेवा, असं सांगायला मी बोलत नाहीये. तेवढं क्लिनिकच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माझं मागणं वेगळं आहे. कुणाच्या कानातून शिट्टी आली तर हसू नका. आणि तुम्हालाच कधी नीट ऐकू आलं नाही तर मान डोलावू नका, लाज सोडून 'पुन्हा सांग' म्हणा. समोरचं माणूस आहे तोवर ते पुन्हा सांगतं.