सुनेच्या पोटाला ताण

वरूडच्या खुशालरावांकडे संत्र्याची साडेचारशे झाडं होती आणि मोबाइलवर रोज येणारे चाळीस व्हिडिओ. त्यातल्या एकात सांगितलं, की आमवाताचं मूळ सांध्यात नाही, आतड्यातल्या जंतूंत असतं. खुशालराव उठून बसले. जंतू, माती, मुळं. हे तर त्यांचंच खातं!

त्यांची सून माधवी दोन वर्षं आमवाताच्या गोळ्या घेत होती. गोळ्यांमुळे बोटं चालत होती, आणि बोटं चालत होती म्हणून ती टायपिंग शिकत होती. सरकारी नोकरीची टायपिंग परीक्षा दोन महिन्यांवर होती.

"पोट म्हंजे जमीनच हाय," खुशालराव म्हणाले. "बागेले ताण देल्याशिवाय बहार येते का? पानी तोडा, झाड सुकू द्या, मंग पानी सोडा. पाह्य मंग झाड फळायनं कसं लदबदते!"

"मामाजी, मी झाड नाई ना."

"इथंच त चुकते तुमचं!"

गोळ्या तोडल्या की पोटाला ताण, या हिशेबाने त्यांनी त्या आपल्या ताब्यात घेतल्या. माधवीला सकाळी ताक, संध्याकाळी ताक. नवरा गोपाल म्हणाला, "बाबा म्हणून राहिले त पाहू पंधरा दिवस." त्याची बोटं दुखत नव्हती.

पंधराव्या दिवशी तिला कणीक मळवेना. विसाव्या दिवशी कीबोर्डची एक कळ दाबताना डोळ्यांत पाणी आलं. खुशालरावांना समाधान वाटलं. "पान पिवळं पडलं. ताण बराबर बसला!"

माधवीने अमरावतीच्या डॉक्टर रागिणींची वेळ घेतली. खुशालरावही निघाले. डॉक्टरांना चार गोष्टी समजावून सांगायच्या होत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, व्हिडिओ अगदीच खोटा नाही. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. चोर कोण आणि घरचं कोण, हे त्यांना शिकवण्यात आतड्यातल्या जंतूंचाही हात असतो. ती शिकवणी बिघडली, तर पहारेकरी घरच्याच सांध्यांना झोडपू लागतात, असं संशोधक म्हणतात. पण नेमका कोणता जंतू बिघडवतो आणि कोणता सुधारतो, हे अजून पक्कं ठाऊक नाही. तोवर पहारेकऱ्यांचा हात धरून ठेवते ती गोळी. ताक पिऊ द्या की, पण गोळी सोडून नाही."

"पन म्याडम, ताण..."

"तुमच्या बागेत एखादं रोगट झाड असलं, तर त्यालाही ताण देता?"

"काईबी काय म्याडम! रोगट झाडाले कोन ताण देईन? मरन ना ते!"

बोलून झालं आणि खुशालराव टेबलावरचं पेपरवेट उगाच पुसू लागले. डॉक्टरांनी शांतपणे चिठ्ठी लिहिली.

खाली औषधाच्या दुकानात त्यांना पुन्हा कंठ फुटला. "म्याडमनं मले बागेचं इचारलं," ते दुकानदाराला सांगू लागले. "डॉक्टर लोकायलेबी आपल्याकडून शिका लागते."

माधवीने स्वतःच गोळ्या विकत घेतल्या. पाण्याची बाटली काखेत धरून ती पाकिटातली गोळी बाहेर काढू लागली. सुजलेल्या अंगठ्याने चंदेरी कागद फाटेना. तिने दातांनी ओढून पाहिलं, तरी फाटेना.

"परीक्षा मले द्याची हाय, मामाजी," ती म्हणाली आणि तिने पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

खुशालराव दुकानदाराकडून तिच्याकडे वळले. त्यांनी पाकीट घेतलं, गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. मग बाटलीचं झाकणही तेच उघडू लागले.