दोन कॉम्प्युटरचं दुकान

राळेगावात रामरावांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि दुकानातलं बिलांचं सगळं काम रंजिताकडे. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद पडली, म्हणून नवं घ्यावं लागलं. ते बसवायला यवतमाळहून पियुष आला आणि खुर्चीत टेकायच्या आत विचारू लागला, "मॅडम, बदलायचं कसं? एकाच दिवशी जुनं बंद, नवं चालू? का आधी पार्टची बिलं नव्यावर अन् सर्व्हिसिंगची मागून? का दोन्ही सोबत चालवून पाहता?"

"तुम्हीच सांगा ना."

"तिन्ही चालते. तुमच्यावर आहे."

रंजितानं रामरावांकडे पाहिलं. ते हातातला ऑइल सील उलटापालटा करत होते. "तू ठरव बेटा. मले त्यातलं काय समजते?"

संध्याकाळी बंजारा तांड्यावर घरी आल्यावर तिनं वडिलांना, किसनसिंगांना विचारलं, "बापू, आपले जुने लोक बैलांवर माल लादून फिरत. तांडा हलवताना सगळे एकदम निघत, का थोडे थोडे?"

किसनसिंग हसले. "मी कुठं गेलतो बैलं घेऊन? जन्मभर कापूस पेरला. मले काय माहीत!"

आई, धुरपताबाई, भाकरी थापताना म्हणाली, "नवं घर बांधलं तवा मी सैपाक जुन्यात करू अन् झोपू नव्यात. मीठ पाहावं तवा दुसऱ्याच घरात."

"म्हणजे वाईट झालं, याडी?"

"वाईट कायले? नव्या घराचा पत्रा गळते, हे तवाच समजलं."

"मग चांगलं झालं?"

"चांगलं कसं? पाय दुखून गेले वं."

रंजिताचं डोकं आणखीच भणभणलं. सकाळी तिनं पियुषला सांगितलं, दोन्ही सोबत चालवू. कारण एकच, भीती. निदान काही हरवणार तर नाही.

मग जुना कॉम्प्युटर एका बाजूला, नवा लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक बिल दोनदा. एकदा चुकून दोन्ही कागद सेवादास नावाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हातात गेले. "एका फिल्टरची दोन बिलं काहून?" म्हणून तो तासभर भांडला. त्याहून वाईट म्हणजे शिल्लक माल जुळेना. जुन्यात बेअरिंग कमी, नव्यात जास्त. पियुष फोनवर म्हणे, तुमची एन्ट्री राहिली असेल. तिनं कपाटातला माल मोजला, तर तो जुन्याशी जुळला. म्हणजे नवं चुकतं? पण पियुषसमोर तर बरोबर चालायचं! की आपणच विसरतो? ती एकेक बिल पुन्हा पुन्हा तपासू लागली.

बँकेच्या कामाला ती गेली की दुकान रामराव सांभाळत. एक दिवस बँकेतला सर्व्हर बंद, म्हणून ती लगेच परतली. रामराव जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटानं बिल करत होते. लॅपटॉप मिटलेला.

"काका, नव्यात नाही टाकलं?"

रामराव गडबडून उठले. "टाकणारच होतो." मग लॅपटॉपकडे बोट करून, "त्यात मले काही सापडतच नाही. माह्याच दुकानात मी गिऱ्हाईक झालो बाप्पा."

तिनं लॅपटॉप उघडला. जुन्यात रामरावांनी स्वतः नावं टाकली होती, 'मोठा काळा वायसर', 'सेवादासवाला पट्टा'. माल नव्यात उतरवताना पियुषनं ती काढून कंपनीची नावं घातली होती.

"मले सांगायचं होतं ना! मी समजत होती, माहंच चुकते."

"तुले वाटलं असतं, म्हातारं निकामी झालं."

तिला राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना. तिनं पियुषला फोन लावला. एका पार्टला दोन नावं देता येतात का?

"येतात ना. कोणी देत नाही."

पुढच्या काही दुपारी तिनं आणि रामरावांनी त्यातच घालवल्या. रामराव नावं सांगत, ती टाइप करी. मधेच ते थांबत, "याले 'जावयाचा नट' काहून म्हणतो मी?" आणि ती हसत तेच नाव टाकी.

पियुषनं पुन्हा विचारलं, "मग, दोन्ही चालूच ठेवायचं?"

"जुनं फक्त पाहायले ठेवा. बिलं बंद."

"नक्की ना मॅडम?"

"नक्की नाही," रंजिता म्हणाली. "पण करा."

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक मारोतराव. रामरावांनी लॅपटॉपवर एका बोटानं पट्टा शोधला, बिल केलं, आणि प्रिंटर गप्प. त्याची वायर अजून जुन्या कॉम्प्युटरलाच होती. रंजितानं खाली वाकून ती काढली, लॅपटॉपला जोडली. कागद बाहेर आला. तिनं वरून खालपर्यंत वाचला. चूक दिसेना, तरी खात्रीही वाटेना. मारोतरावांनी तो न पाहताच घडी करून खिशात कोंबला आणि पट्टा खांद्यावर टाकून चालू लागले.