गाव्रीलची शेवटची कुपी

"मावशी, त्या गुडघ्याच्या पेशींची शेवटची कुपी टाकीत सापडत नाहीये," डॉक्टर स्मारांदा म्हणाली, तेव्हा अग्लाया सगळ्यांना कोलिवा वाढत होती. शनिवारी चर्चमध्ये तिच्या नवऱ्याचं, गाव्रीलचं, सातव्या वर्षाचं श्राद्ध झालं होतं. उरलेले गोड गहू तिनं प्रयोगशाळेत आणले होते.

"सापडेल," ती म्हणाली, आणि वाटीत आणखी एक चमचा घातला.

सापडणार कशी नाही! सोमवारी ती कुपी लागणार, हे कळल्याबरोबर तिनंच ती गोठवणाच्या टाकीतल्या खालच्या खणात, रिकाम्या डब्यांमागे सरकवली होती. याश शहरातल्या या प्रयोगशाळेत बाईची उभी हयात गेली, पण असला चोरटेपणा पहिल्यांदाच केला होता.

कुपीवर नुसता आकडा होता. आतल्या पेशी गाव्रीलच्या, हे एकट्या अग्लायाला ठाऊक. ट्रामचे रूळ दुरुस्त करता करता त्याचे गुडघे कामातून गेले होते. शस्त्रक्रियेत निघालेला कूर्चेचा तुकडा त्यानं हसत हसत संशोधनाला देऊन टाकला. माझं नाही तर नाही, पुढच्या एखाद्या गाढवाचं तरी भलं होईल, म्हणाला. पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या हृदयानं दगा दिला. त्या दुपारी अग्लाया इथं पेशींना खाऊपिऊ घालत होती. रुग्णालयात पोचली तोवर पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

तेव्हापासून इथं, झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा रुजवायला, जिलेटिनचे जेल बनत होते आणि वितळत होते. डुकराच्या पायांच्या रश्शाची गोठलेली पिफ्ती थंडीत ताटलीत कशी थरथरत उभी राहते, आणि तोंडात टाकली की पाणी! तसंच हे. अंगाच्या उबेला टिकेल तर शपथ. यंदा स्मारांदानं त्यात मातीचे नॅनोकण मिसळले आणि जेल पहिल्यांदा तग धरून राहिला. तरुण पेशी त्यात छान रुजल्या. झिजलेल्या, म्हाताऱ्या गुडघ्याच्या पेशी रुजतात का, एवढंच आता बघायचं होतं, आणि तशी एकच कुपी उरली होती.

श्राद्धाच्या वेळी पाद्रीबाबा म्हणाले, सात वर्षं झाली, आता त्याला मोकळं कर. अग्लायानं मान डोलावली. पण मोकळं करायचं कसं? सगळ्यांच्या लेखी माणूस मातीत होता, आणि तिच्या लेखी टाकीत जिवंत होता. रोज सकाळी टाकीत द्रव नायट्रोजन ओतताना ती मनातल्या मनात त्याला घरच्या चार गोष्टी सांगायची. आठवण जुनी होते म्हणतात. तिची ओढ मात्र वर्षागणिक वाढतच चालली होती.

दुपारपर्यंत स्मारांदा टाकीचे खण उपसत राहिली. पोरीची बोटं गारठून लाल झाली, जेवणही राहिलं. शेवटी अग्लायाला ते बघवेना. तिनं डब्यांमागून कुपी काढून दिली आणि सगळं सांगून टाकलं.

स्मारांदानं कुपीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग हलकेच म्हणाली, "राहू दे मावशी. दुसरा कुणी रुग्ण शोधू."

"नको. सात वर्षं गारठ्यात ठेवलाय मी त्याला." अग्लाया म्हणाली. "थंडी त्याला कधी सोसलीच नाही गं. मे महिन्यातसुद्धा लोकरीचे मोजे घालायचा."

कुपी वितळवायला कोमट पाण्यात धरायची रीत होती. अग्लायानं ती मुठीत धरली. स्मारांदानं पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. आतलं बर्फ कडेनं सुटलं, फिरलं आणि विरघळलं.

काही दिवसांनी स्मारांदानं तिला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. "रुजल्यात, मावशी."

जेल शाबूत होता. त्यात गोल गोल पेशी जिथल्या तिथं बसल्या होत्या, आणि एकेकीभोवती नवीन कूर्चेचं अंधूक वलय धरू लागलं होतं. अग्लायानं डोळा लावला तो काढलाच नाही. पुढचं तिला माहीत होतं. आठवडे भरले की फॉर्मेलिन ओतायचं, काप घ्यायचे, रंग द्यायचा. तिथं पेशी मरतात, सगळं संपतं.

"त्या दिवशी तुम्ही रजा घ्या," स्मारांदा म्हणाली. "मी करीन ते."

"येईन मी," अग्लाया म्हणाली. "मागच्या वेळी नव्हते."

तिनं सूक्ष्मदर्शकाखालची पेशींची बशी उबेच्या कपाटात परत ठेवली. रात्रपाळी करून आलेला गाव्रील आत झोपलेला असला, की घरचं दार ती जसं लावायची, तसंच कपाटाचं दार तिनं आवाज न करता लावलं.