बुधीचा डावा डोळा

मूलहून चांद्याला जाणाऱ्या छोट्या गाडीत मैनेला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर तिने एकदाही पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या बुधीकडे होतं. उजेड लागला की पोर किंचाळायची, म्हणून मैनेने तिच्या तोंडावर पदर ओढला होता. पदर होता हे एका परीने बरंच होतं. गोवरातून उठलेल्या बुधीने गेले कित्येक दिवस डोळे उघडले नव्हते, आणि त्या मिटलेल्या पापण्यांखाली आता काय असेल, ते मैनेला पाहायचं नव्हतं.

मैनेच्या पोटात आणखी एक जीव वाढत होता. समोरच्या बाकावर सासू सोमारी बसली होती. मैनेचा नवरा इस्तारी गाडीवर पोचवून परत गेला, कारण उन्हाळ्याने तळं आटत चाललं होतं आणि मासे काढायचे ते हेच दिवस. सोमारी आली होती ती दवाखान्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. सून तिथे काही भलतंसलतं करून बसेल, या धास्तीने ती आली होती.

हे घर ढिवरांचं. बारा महिने अंगणात जाळी वाळत, बारा महिने चुलीवर मासळी. पण घरात माता आली, मग ती देवीची मोठी असो की गोवराची लहानी, की मासळीचा काटासुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा नाही, हा नेम. मासे धरायचे, तळ्याच्या बांधावर, पाळीवरच कापायचे, काळीज-आतडी कावळ्यांपुढे टाकायची आणि माल तसाच बाजारात न्यायचा. घरात फोडणी नाही, दिवा मंद, दाराला कडुनिंबाचा टहाळा, आणि आजारी लेकराला अंधाऱ्या कोपऱ्यात तांदळाची अळणी पेज.

एवढ्यानेही निभावलं असतं. लेकरू उठून न्हालं की माता जाते आणि नेम सुटतो. पण बुधीला न्हाऊ घालायच्या आधी चुलत दिराच्या पोराला गोवर आला, ते उठायच्या आत पलीकडच्या घरी दोघांना. सोमारीचं म्हणणं असं की आळीतलं शेवटचं लेकरू न्हाईपर्यंत माता आळीतच आहे; ती कोणत्या दारात बसली आहे हे आपल्याला काय ठाऊक. तिचं म्हणणं आळीने मानलं. होळीच्या आधी सुरू झालेला नेम आंबे पडायला लागले तरी सुटला नव्हता. बुधीला हगवण लागली, तिच्या बरगड्या दिसू लागल्या, मग डोळे मिटले. माता डोळ्यांत विसावली आहे, हात लावू नका, असं सोमारीने सांगितलं. शेवटी बाजारात कुणीतरी इस्तारीला चांगलंच झापलं, तेव्हा कुठे ही गाडी गाठली गेली.

दवाखान्यात डोळ्यांच्या रोग्यांची खोली वेगळी होती, लांबलचक, हिरव्या पडद्यांची. दाराशीच मैनेचे पाय अडखळले. पहिल्या खाटेवर चार दिवसांचं बाळ होतं. त्याच्या पापण्या सुजून जांभळाएवढ्या झाल्या होत्या आणि आई कापसाने पू टिपत होती. त्याच्या पुढे खुपऱ्या झालेला एक पोरगा डोळे चोळायला मिळू नयेत म्हणून हात बांधून बसवलेला. पुढे एक तरणी बाई, तोंडभर देवीचे वण, दोन्ही बुबुळं चुन्यासारखी. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि कुणी जवळून गेलं की हसायची. पार शेवटी मोतीबिंदू काढलेले म्हातारे, डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मैनेला वाटलं, ही खोली म्हणजे एकाच माणसाचं सगळं आयुष्य आहे, आणि ते माणूस आपली बुधी आहे. तिने पोरीला इतकं घट्ट आवळलं की ती रडायला लागली.

डॉक्टर तरुण होता आणि कमी बोलायचा. त्याने बुधीला टेबलावर निजवलं. आशाबाई नावाच्या नर्सने डोकं धरलं. मैनेला बाहेर थांब म्हणाले, ती थांबली नाही. मग पाठ तरी फिरव म्हणाले, तीही तिने फिरवली नाही. डॉक्टरने उजवी पापणी हलक्या हाताने वर केली.

तिथे डोळा नव्हता. पिवळट, ओलं, विरघळलेलं काहीतरी होतं, आणि त्यातून पाणी गालावर आलं. मैनेने टेबलाची कड धरली. मग डॉक्टरने डावी पापणी उचलली. डावं बुबुळ कोरडं पडलं होतं, त्याची चकाकी गेली होती आणि खालच्या कडेला एक जखम होती. पण बुबुळ जाग्यावर होतं.

डॉक्टरने मैनेला खरं तेच सांगितलं. उजवा डोळा गेला. डावा आज आहे; उद्या असेल की नाही ते आजच्या उपचारावर. हा देवीचा कोप नाही, अन्नातलं एक सत्त्व कमी पडलं की असं होतं. त्यासाठी सुई देऊ, डोळ्यात थेंब घालू, आणि हे तेल तोंडावाटे रोज द्यायचं. आशाबाईने बाटली पुढे केली. बूच निघालं आणि वास आला. जन्मापासून ओळखीचा वास.

तोवर दारात मुकाट उभी असलेली सोमारी पुढे आली.

"हे तं मासोळीचं तेल हाय."

आशाबाई हो म्हणाली. सोमारीने सुनेला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मैनेला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू बोलली.

"मैने, आयक. माता अजून आळीतून गेली नाई. डोळा गेला तं पोरगी आंधळी जगल. माता कोपली तं पोरगीच जाईन. मी दोन लेकरं अशी देल्ली हाय तिले. तू एक तं मांग रायू दे."

सोमारी खोटं बोलत नव्हती. तिची दोन पोरं मातेत गेली होती हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यातल्या धाकट्या कोलूचं नाव घेताना ती अजूनही गप्प व्हायची. मैनेला सासूचा राग आला नाही, तिची भीतीच अंगात उतरली. एकीकडे डोळा, दुसरीकडे जीव. आणि चुकलं तर सांगायचं कुणाला, की मीच माझ्या हाताने पाजलं म्हणून.

संध्याकाळ झाली. दिवे लागायचे होते. आशाबाईने मैनेला पाण्याचा गडू दिला, आणि मैनेने पाणी पेल्यात न ओतता खाटेवर ओतलं. आशाबाई थबकली. तिने दोन बोटं मैनेच्या तोंडापुढे धरून किती म्हणून विचारलं. मैनेला बोटं दिसली नाहीत. त्याचं तिला काही वाटलंही नाही. तिने सरळ सांगितलं की पोट असलं की असंच होते, पोटातलं लेकरू आईचे डोळे उसने घेते आणि जन्मलं की परत करते. आमच्याकडे सगळ्यांना होते.

"तुला दिसत नव्हतं," आशाबाई म्हणाली, "मग संध्याकाळी तुझ्या पोरीला दिसतं की नाही, हे कुणी पाहिलं? हा आजार तिथूनच सुरू होतो."

मैनेला आठवू लागलं. दिवेलागणीला बुधी कशी एकाएकी गप्प व्हायची. ताटातला भात शोधत हात कसा जमिनीवर फिरायचा. मैनेच्या हाताला हात लागायचा आणि मैना हसायची, पोरगी खेळते म्हणून. अंधारात दोघी एकमेकींना चाचपडत होत्या, आणि आईने त्याला खेळ समजावं? या आजाराचं बोट धरून पोर मैनेच्या डोळ्यांदेखत चालत गेली होती आणि डोळेच नसल्यामुळे तिला ते कळलं नव्हतं.

तिने चमचा मागून घेतला. पहिल्यांदा बुधीने मान फिरवली आणि तेल सांडलं. दुसऱ्यांदा तिने बुधीचं नाक धरलं आणि पाजलं. सोमारीने ते पाहिलं, आपलं गाठोडं उचललं आणि व्हरांड्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन बसली. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. सुनेशी नाही, नर्सशी नाही, कुणाशीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि बुधीचं अंग तापलं. चटका बसावा असं तापलं. मैनेने लगेच ओळखलं. माता आली, दुसरं काय. डॉक्टर तपासून म्हणाला की छातीत कफ आहे, अशक्त लेकराला होतं असं, औषध देतो, तेल मात्र चुकवू नका. तो शिकलेला माणूस, त्याला म्हणायला काय जातं? मैनेने खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. सोमारी तिच्याकडेच पाहत होती. तिच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या आणि ओठ हलत होते. मातेची विनवणी चालली होती, की सुनेचं पाप माझ्या माथी घाल आणि पोरीला सोड.

तेलाची वेळ झाली. काल पाजलं ते कळवळून, एका झटक्यात. आज तापलेलं अंग मांडीवर होतं आणि चमचा हातात. आशाबाई म्हणाली, तुला जमत नसेल तर मी देते. मैनेने नाही म्हणून मान हलवली. कुणी दुसऱ्याने पाजलं आणि पोर गेली, तर आयुष्यभर त्या बाईला शिव्या देत बसायची सोय राहील. तसली सोय तिला नको होती. तिने मनातल्या मनात मातेला एवढंच सांगितलं, घेयाचं तं मले घे. आणि बुधीच्या तोंडात चमचा रिकामा केला.

ताप लगेच उतरला नाही. पोरीचा श्वास घरघरत राहिला आणि मैना प्रत्येक श्वासाला पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिली. तिसऱ्या चमच्यालाही भीती तेवढीच होती, चौथ्यालाही. मग एका सकाळी बुधीचं कपाळ गार लागलं आणि तिने पेज मागितली. मैनेला ते खरं वाटेना, म्हणून ती पुन्हापुन्हा कपाळ चाचपत बसली.

डाव्या डोळ्यावर पट्टी होतीच. ती काढायचा दिवस आला तेव्हा मैनेची पुन्हा गाळण उडाली. जगली, पण दिसेल का? डॉक्टरने पडदे ओढून घेतले आणि पट्टी सोडली. बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरा ठिपका राहिला होता. वरचा भाग ओला, काळा. बुधी पापणी मिटायची, उघडायची. डॉक्टरने तिच्यापुढे बोट फिरवलं, ती भलतीकडेच पाहत राहिली. आशाबाईने खुळखुळा वाजवला, तिने मान वळवली, पण ती आवाजाने. मैना बोलली, बुधीने तिच्याकडे हात केला, तोही आवाजानेच. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या.

बुधी खिडकीकडे तोंड करून बसली. पडद्याच्या फटीतून लिंब दिसत होता. इतके दिवस तिकडून एक शब्द आला नव्हता, आत्ताही आला नाही.

"आजी," बुधी म्हणाली आणि बोट केलं. "आजी तिती बसली."

मैनेने तोंडात पदर कोंबला आणि त्यातच हुंदका गिळला. मग ती बाहेर धावली, पण सोमारी आधीच उठून येत होती. इतक्या लांबून दाखवलेलं ते बोट तिने पाहिलं होतं. खाटेशी येऊन ती वाकली. एका डोळ्याने बुधी तिचं तोंड न्याहाळत राहिली, मग तिने आजीचा कान धरला. म्हातारी रडत नव्हती. तिचं तोंड भ्यालेल्या माणसासारखं झालं होतं, सुनेचं गेले कित्येक दिवस होतं तसं.

"माह्या कोलूचेबी असेच डोये मिटले होते," ती म्हणाली. "मी उघडून नाई पाह्यले. माता हाय म्हणून हातबी नाई लावू देल्ला कोणाले."

मग ती आशाबाईकडे वळली. बाटलीकडे बोट करून तिने विचारलं, "हे तवा भेटत होतं का वो बाई?"

आशाबाईने कालच मैनेला समजावून सांगितलं होतं की हे तेल माशाच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं असतं, घरी गेल्यावर बाटलीची गरज नाही, तुमच्या तळ्यातल्या माशाचं काळीज शिजवून तूही खा आणि पोरीलाही दे, जे तुम्ही पाळीवर कावळ्यांना टाकता तेच. आशाबाईने मैनेकडे पाहिलं. मैनेने हळूच, सांगू नका म्हणून, मान हलवली.

"नाही आजी," आशाबाई म्हणाली, "तेव्हा कुठं होतं."

सोमारीने सुस्कारा टाकला आणि खाटेच्या कडेला टेकली. मैना तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि गावी गेल्यावर मासे कापताना या बाईसमोर ती काळजं कशी वेचायची, याची भीती त्याच क्षणी तिच्या मनात शिरली.