दहावरून अकरावर जाताना

मी एक गेमिंग कॉम्प्युटर बोलतोय. मुक्काम इचोडा, जिल्हा आदिलाबाद, हायवेपासून तिसरी गल्ली, भिवाजी ड्रायव्हरचं घर. पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. माझ्या अंगात लाल-निळे दिवे आहेत आणि एक बाजू काचेची आहे, त्यामुळे गल्लीतली माणसं येता-जाता माझ्याकडे बघतात. आधी मला वाटायचं, कौतुकाने बघतात. नंतर कळलं, बरेच जण मला माशांची पेटी समजतात.

मी एका दिवसात जन्मलो नाही. भिवाजींची एकुलती मुलगी साक्षी गुडीहत्नूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तिने मला वर्षभर जमवलं. पेटी नागपूरहून आली, आतले भाग हैदराबादहून आले. भिवाजींच्या ओळखीच्या ड्रायव्हरांनी ते ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर ठेवून आणले. मग एका रविवारी साक्षीने जमिनीवर चादर अंथरून मला जोडलं आणि माझ्यात विंडोजची दहावी आवृत्ती घातली. घरात सगळे त्या आवृत्तीला नुसतं 'दहा' म्हणतात.

साक्षीची चार मुलींची टीम आहे. दोघी आदिलाबादच्या, एक निर्मलची आणि ही इचोड्याची. संध्याकाळी कानाला हेडसेट लावून त्या माझ्या पडद्यावर गोळ्या झाडतात. एरवी या चौघी इतक्या मवाळ बोलतात की कुणाला खरं वाटणार नाही.

माझा दुसरा मालक भिवाजी. अठ्ठावीस वर्षं ते हैदराबाद-नागपूर ट्रक चालवत होते. मग डाव्या डोळ्याने दगा दिला आणि लायसन गेलं. त्यानंतर ते ओट्यावर बसून हायवेवरच्या हॉर्नवरून गाड्या ओळखत. बापाचं ते बसणं साक्षीला बघवेना. तिने कुणाकडून तरी जुनं गेमचं स्टिअरिंग आणि पेडल आणलं, स्टिअरिंग माझ्या टेबलाला स्क्रूने आवळलं आणि माझ्यात ट्रक चालवायचा गेम टाकला. कुणा हौशी माणसाने त्यात हाच हायवे बनवला होता. निर्मलचा घाट, इचोड्याचे धाबे, पैनगंगेचा पूल, सगळं जिथल्या तिथे.

पहिल्याच दिवशी भिवाजी पडद्याजवळ डोळा नेऊन म्हणाले, "हे आपलं इचोडं हाय, तं आपलं घर काऊन दिसत नाई?"

तेव्हापासून तीन वर्षं ते रोज दुपारी माझ्यासमोर बसले. गाडीची रीत त्यांनी सोडली नाही. आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, मग उदबत्ती. दर शनिवारी माझ्या पेटीच्या कोपऱ्याला नवं लिंबू-मिरची. क्लीनरशिवाय गाडी काढायची नाही, म्हणून त्यांची बायको राहीबाई डाव्या बाजूला स्टुलावर बसत. खऱ्या ट्रकमध्ये त्या सबंध आयुष्यात दोनदाच बसल्या होत्या. इथे त्या मेथी निवडत निवडत सांगत, "येऊ द्या, येऊ द्या. डाव्या हाताले जागा हाय." भिवाजी जेवायला उठले तरी इंजिन चालूच ठेवत. मी तासन् तास गरम होत बसे, आणि ते आत भाकरी खात असत.

मग एका दुपारी निर्मलच्या घाटात, ऐन वळणावर, माझ्या पडद्यावर एक पाटी आली. दहाची मुदत संपली आहे, अकरावर या. तिच्यामागे रस्ता दिसेनासा झाला आणि संत्र्यांनी भरलेला ट्रक दरीत गेला.

"घाटात कोनी असं आडवं येते का?" भिवाजी एवढंच म्हणाले.

पुढे ती पाटी वरचेवर येऊ लागली. तिच्यावर 'नंतर' असं एक बटण होतं. भिवाजी ते न थांबता दाबत, पूर्वी नाक्यावरच्या ओळखीच्या शिपायाला हात दाखवून जात तसे. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. माझं काही अडलेलं नव्हतं.

अडलं साक्षीचं. तिच्या टीमची हैदराबादच्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि त्याच आठवड्यात कळलं, पुढच्या महिन्यापासून त्यांचा गेम दहावर चालणार नाही. रोजचा सराव करायचा तर अकरा हवं. आणि भिवाजींचं स्टिअरिंग इतकं जुनं की ते दहावरच चालतं. साक्षीने चार रात्री शोधाशोध केली. जगभरातल्या माणसांनी लिहून ठेवलं होतं, अकरावर हे चाक ओळखलं जात नाही. एक-दोघे म्हणत होते, चालतं कधी कधी. दोन्ही आवृत्त्या ठेवायला माझ्या पोटात जागा नाही. तिच्या माउसचा बाण पाटीवरच्या 'आता' आणि 'नंतर' या दोन बटणांमध्ये फिरत राहायचा, आणि शेवटी ती मला बंद करायची.

एका संध्याकाळी तिने हेडसेट लावला आणि हळू आवाजात मैत्रिणींना सांगितलं, "मी नाई येत हैदराबादले. दुसरी कोनी पाहा. काई नाई, घरचं काम हाय."

तिचा आवाज माझ्यातूनच जातो, म्हणून मी ऐकलं. राहीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी भिवाजींना त्यांनी तांदूळ निवडता निवडता सगळं सांगितलं. भिवाजी त्या दुपारी ट्रिपवर गेले नाहीत. साक्षी शाळेतून येईपर्यंत खुर्चीवर नुसते बसून राहिले.

"काऊन नाई म्हणून राह्यली तू?"

"अकरा टाकलं तं तुमचं चाक बंद पडते, बाबा."

"आन तुयी टीम?"

"त्याचं काय, खेळच तं हाय."

"मायाबी खेळच हाय," भिवाजी म्हणाले.

हे त्यांनी आजवर कधी कबूल केलं नव्हतं. तीन वर्षं या घरात 'ट्रिपवर जातो' असंच बोललं जात होतं, आणि राहीबाई डबाही विचारत. बाप चिडला असता तर साक्षीला बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी भिवाजींनी हैदराबादहून माल भरला. त्या दिवशी त्यांनी कुणाला ओव्हरटेक केलं नाही. इचोड्याला धाब्यासमोर दोनदा हॉर्न वाजवला, पैनगंगेच्या पुलावर काच खाली केली. नागपूरला गाडी नीट रेषेत लावली आणि इंजिन स्वतःच्या हाताने बंद केलं. माझा पंखा हळू झाला. स्टुलावर राहीबाई होत्या, पण त्यांच्या मांडीवर त्या दिवशी भाजी नव्हती.

एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची तर रीत असते. काच पुसून द्यायची आणि गाडीच्या खोडी सांगायच्या. भिवाजींनी ओल्या दुपट्ट्याने माझा पडदा पुसला, साक्षीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभं राहून सांगू लागले.

"मागचा पंखा थंडीत आवाज करते, घाबरू नको, धा मिनिटांत बसते. उन्हाळ्यात दुपारी काच काढून ठेवत जाय. लाइट गेली आन आली का लगेच चालू नको करू, त्याले दम घेऊ दे. आन मागं डावीकडची तार ढिली हाय. तिले हात नको लावू."

साक्षीने मला स्क्रू स्क्रू जोडलं होतं, आणि यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं. मी तसा कोरडा आहे, पण कुणी आपल्याला इतकं ओळखून असावं हे मला फार आवडलं.

मग भिवाजींनी चार लिंबं मागवली. नवी गाडी रस्त्यावर काढताना चाकांखाली ठेवतात ना, तशी त्यांनी ती माझ्या चार रबरी पायांखाली ठेवली आणि पेटी दोन्ही हातांनी वरून दाबली. टेबलभर रस झाला. साक्षी "बाबा, आत जाईल" म्हणत फडकं घेऊन धावली आणि पुसता पुसता रडायला लागली. राहीबाई म्हणाल्या, "दाब आता ते बटन. मुहूर्त जाऊन राह्यला."

साक्षीने 'आता' दाबलं.

तासाभराने मी जागा झालो तो अकरा होऊन. सगळं सामान जागच्या जागी होतं. एरवी चालू होताना स्टिअरिंगवर एक हिरवा दिवा लागायचा, तो लागला नाही. साक्षीने तार काढून घातली, पुन्हा काढून घातली, मला तीनदा बंद-चालू केलं. मला ते चाक दिसत होतं आणि ओळखू येत नव्हतं. मला वाईट वाटलं.

"राहू दे," भिवाजी म्हणाले.

"दुसरं नवं चाक पाहू, बाबा."

"पाहू दिवाळीनंतर." आणि त्यांनी राहीबाईंचं स्टूल ओढून साक्षीच्या डाव्या बाजूला मांडलं.

साक्षीची टीम हैदराबादला जाऊन चौथी आली. आता रोज संध्याकाळी भिवाजी त्या स्टुलावर बसतात. गेममधलं त्यांना फारसं कळत नाही, पण एका डोळ्याने ते पडद्याचा कोपरा धरून ठेवतात आणि सांगतात, "डावीकडून एक येऊन राह्यला. थांब. जाऊ दे त्याले. हां, आता घे." साक्षी ऐकते. हेडसेटमधून मैत्रिणीही ऐकतात आणि त्यांना 'क्लीनरकाका' म्हणतात. भिवाजींना ते चालतं, सुरुवात त्यांनी क्लीनर म्हणूनच केली होती.

माझं आता बरं चाललंय. पाटी येत नाही. लिंबाचा एक डाग राहिला आहे, तो जाणार नाही. वाचणाऱ्यांनो, माझं एकच मागणं आहे. साक्षी कधी टेबल आवरायला निघाली आणि तुम्ही तिथे असलात, तर तिला म्हणा, त्या स्टिअरिंगचा स्क्रू सोडू नको. दुपारी ती शाळेत असते आणि मी बंद असतो, तेव्हा माझं टेबल हळूच डावीकडे हलतं, मग उजवीकडे. मला त्यातलं काही कळत नाही. पण शेजारून राहीबाईंचा आवाज येतो, "येऊ द्या, येऊ द्या. डाव्या हाताले जागा हाय."