उभं झाड, आडवं झाड

शुभ्राच्या डोक्यात सकाळपासून एकाच ओंडक्याचा भुंगा. दुबईशेजारच्या अजमानमधल्या लाकडाच्या वखारीत पडलेला, छातीएवढ्या उंचीचा, आणि त्यावर पट्टी नेमकी त्या बेटावरच्या जंगलाची!

शुभ्राची दुबईतली संस्था त्याच जंगलासाठी पैसे देत होती. तिथल्या मूळ रहिवाशांना जमिनीचे कागद मिळेपर्यंत लाकूड कंपनीनं दोन वर्षं तोड थांबवायची, तिचं नुकसान संस्थेनं भरायचं. अट एकच: मधे एक जरी झाड तोडलं, तर करार खलास. वर्षच झालं होतं, आणि हा ओंडका गेल्या महिन्यात उतरलेला.

साहेब म्हणाले, करार मोडला, फाईल क्लोज कर. शुभ्राला मात्र राहवेना. कोणी तोडलं? कधी? तिनं वखार गाठली. तिथे लाकूड कळणारा माणूस निघाला दौलत, राजापूरकडचा, तेवीस वर्षं करवतीवर.

दौलतनं ओंडक्याभोवती फेरी मारली, नखानं खरवडलं, चक्क वास घेतला. इकडे शुभ्राचा जीव टांगणीला!

"काका, बोला ना काहीतरी!"

"थांबा ओ मॅडम, घाई कसली?" त्यानं साल दाबली, खाली नुसता भुसा. "बघा, वरचं लाकूड किड्यानं खाल्लंय. हे वादळात आडवं झालेलं. पाच-सहा वर्षं जमिनीवर पडून होतं, मग कुणीतरी उचललं. जिवंत झाड तोडलेलं नाही हे."

शुभ्रानं फोटो पाठवले. साहेबांनी बेटावर फोन लावला. तिथल्यांनीही सहा वर्षांपूर्वीचंच वादळ सांगितलं. करार टिकला! शुभ्राला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग तिच्या एकदम लक्षात आलं. "काका, म्हणजे तोड बंदच राहणार, हे लाकूड आणखी वर्षभर येणार नाही. तुमच्या कामाचं काय?"

"सेठ बोललाय, माल नाही आला तर निम्मी माणसं घरी. माझं तर वय झालं, पहिला नंबर माझाच."

"मग तोडलंय म्हणाला असतात तर?"

"अहो, दिसतंय ते नाही कसं म्हणू?" दौलत चिडलाच. मग जरा घुटमळून म्हणाला, "उभ्या झाडाचा फोटो आहे? इतकी वर्षं कापतोय, उभं एकदाही नाही पाहिलं."

तिनं फोन दिला. बुंध्याला वेढून नऊ माणसं हातात हात धरून उभी होती.

"शेंडा?"

"मावला नाही काका."

दौलत बघतच राहिला. मग फोन घेऊन सरळ करवतीकडे निघाला.

"अरे, इधर आओ सब! देखो, हम क्या काटते थे!"