चौकशीचा फोन

२००६ सालच्या एप्रिलातला शनिवार होता. अमेरिकेत, प्लेनोमधल्या घरात अहिल्याबाई पोळ्या लाटत होत्या आणि बाहेरच्या खोलीत त्यांचा तिशी ओलांडलेला मुलगा ईशान टीव्हीसमोर बसून एकच दृश्य मागे-पुढे करत होता. एक दांडगा पोरगा धावत येतो, समोरच्याला आडवं करतो. मागे. पुन्हा आडवं.

"अरे, किती वेळा पाडणार आहे तो त्याला?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"वर्क आहे, आई."

काम होतं खरं. ईशान एका व्यावसायिक फुटबॉल संघाचा स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतलं फुटबॉल, त्यात पायाचा संबंध थोडा आणि धडकांचा फार. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांना हे संघ दर एप्रिलात एकेक करून निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ईशानकडे लाइनबॅकर होते, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीत उभे राहून येईल त्याला आडवं करणारे. ड्राफ्टआधी या पोरांची उंची मोजतात, वजन करतात, नुसत्या चड्डीवर शेकडो पुरुषांसमोर उभं करतात. ईशानला आताशा या सगळ्याचा शीण यायचा. अर्धं वर्ष मोटेलात जायचं, अर्धं टेपा बघण्यात, आणि दोन्हीकडे धंदा एकच, समोरचा काय लपवतोय ते शोधायचा.

लपवतात सगळेच. टीव्हीवरच्या मार्कस टिलीच्या कोचने फोनवर त्याचे गोडवे गायले होते, पोरगा कधी एक दिवस आजारी पडला नाही म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं. पण ऑक्टोबरनंतरच्या टेपांमध्ये मार्कस फक्त उजव्या खांद्याने धडकत होता. डावीकडून कुणी आलं तर एक पाऊल वळसा घालून उजवाच खांदा पुढे करायचा. ईशानने त्याच्या शाळेच्या जुन्या प्रशिक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, "डाव्या खांद्याचा एमआरआय मागा." बस्स, एवढंच.

ईशानने ते अहवालात घातलं. आता पोराचा भाव कोसळणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यात त्याला काडीचा आनंद नव्हता. पण गप्प बसल्याने तो खांदा बरा होणार नव्हता. पहिल्याच मोसमात हात कायमचा निकामी होऊन घरी गेलेली पोरं त्याने पाहिली होती.

"दहा वाजता नागपूरचा फोन येईल," अहिल्याबाई हात पुसत बाहेर आल्या. "लक्षात आहे ना?"

लक्षात होतं, म्हणून तर तो टेप बंद करत नव्हता. शैलेंद्रकाका आणि आसावरीकाकू म्हणजे गावातलेच, या घराचे तीस वर्षांचे स्नेही. त्यांच्या नकुलचं लग्न नागपूरच्या दीपाशी ठरलं होतं. दीपाच्या वडिलांना, जगन्नाथरावांना, मनाच्या समाधानासाठी मुलाच्या मित्राशी एकदा बोलायचं होतं, आणि काकूंनी बिनदिक्कत ईशानचा नंबर दिला होता.

नकुल मनाने लाख माणूस. पण तो पीत होता आणि रोज पीत होता. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा राहून आला होता. हायवेवर खांबाला गाडी ठोकल्यापासून लायसन्स गेलेलं, फेब्रुवारीत नोकरी गेलेली. बायोडेटात मात्र नोकरी शाबूत होती. लग्न झालं की येईल ताळ्यावर, असं आसावरीकाकूंचं म्हणणं. आपल्याकडे आई-बापांनी हात टेकले की औषध म्हणून परक्याची मुलगी आणतात.

आणि चौकशीची रीत तर सर्वांना पाठ आहे. मुलीचा बाप दहा ठिकाणी विचारतो आणि दहाही ठिकाणी त्याला सांगतात, घराणं चांगलं, मुलगा निर्व्यसनी. कुणाच्या लग्नात मोडता कशाला घाला! हा चांगुलपणा आपल्या अंगात इतका मुरलाय, की त्याला खोटं म्हणायचं कुणाला सुचतही नाही. पुढे त्या मुलीचं काय झालं, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

"आई, मी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोल कोण म्हणतंय? चार चांगले शब्द बोल. लहानपणापासूनचा मित्र ना तुझा?"

"आणि ड्रिंकिंगचं विचारलं तर?"

"कधीमधी घेतो म्हणायचं." अहिल्याबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा महिनाभर आसावरीने आपल्याला जेवू घातलंय, ईशान."

"बाबा हॉस्पिटलमध्ये का होते, आई?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. या घरात तो शब्द बाबा गेल्यावरही कुणी काढत नव्हतं. अहिल्याबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या.

"माझ्याही वडिलांनी चौकशी केली होती," त्या म्हणाल्या. "पाच जणांना विचारलं. पाचही जणांनी चांगलंच सांगितलं."

"त्यांना माहीत नव्हतं?"

"दोघांना माहीत होतं. त्यातला एक लग्नात पंगतीला जिलबी वाढत होता." त्या उठल्या. "झालं ते झालं. निभावलंच ना मी."

फोन वाजला. ईशान काय बोलतो ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, म्हणून अहिल्याबाईंनीच स्पीकरचं बटण दाबलं.

जगन्नाथराव मोकळे गृहस्थ होते. हवापाणी झालं, ईशानच्या नोकरीचं कौतुक झालं, मग ते मुद्द्यावर आले. "मुलगा कसा आहे, ते तुम्ही सांगा जी. मित्राला सगळं माहीत राहते."

ईशानने आईकडे पाहिलं नाही. "काका, नकुल मनाने खूप चांगला आहे. पण तो पितो, रोज पितो. दोनदा ट्रीटमेंट झालीय. लायसन्स सस्पेंड आहे आणि जॉब गेलाय. तो बरा होऊ शकतो, आय होप सो. पण आत्ता तो बरा नाहीये. हे लग्न आत्ता करू नका."

ईशानला वाटलं, हा माणूस आता चिडेल, रडेल, नाहीतर आभार मानेल.

"बरं झालं सांगितलं," जगन्नाथराव सावकाश म्हणाले. "पण थोडंफार तर इकडेही चालते. जॉब काय, दुसरा भेटते. सिटिझन आहे ना पक्का? आमच्या पत्रिका छापून झाल्या जी. पोरगी समंजस आहे, सांभाळून घेईल."

ईशानचे खांदे पडले. खरं सांगितलं की संपलं, असं त्याला उगीचच वाटलं होतं. "दीपाला हे माहीत आहे का? फोन तिला द्या, काका."

"ती काय बोलणार तुमच्याशी?"

तेवढ्यात अहिल्याबाईंनी रिसीव्हर उचलून स्पीकर बंद केला. "जगन्नाथराव, मी ईशानची आई. मुलीला द्या जरा फोन. साड्यांचं विचारायचंय."

साड्यांचं म्हटल्यावर जगन्नाथरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि फोन लगेच मुलीच्या हाती आला.

"दीपा, तू नुसतं ऐक," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि ईशानने सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्याने न सांगितलेलंही सांगितलं. नवरा शुद्धीत नसताना तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन फुटपाथ नसलेल्या रस्त्याने दवाखान्यापर्यंत कसं चालत जायचं, कारण आपल्याला गाडी चालवता येत नसते. माहेरी फोनवर सगळं छान आहे म्हणून कसं सांगायचं. "सुधारेल म्हणून मी वाट पाहिली, दीपा. तो मरेपर्यंत पाहिली."

ईशान ऐकत होता. कडेवरचं पोर तो होता आणि हे त्याला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"काकू, बाबा ऐकायचे नाहीत," दीपाचा आवाज बारीक झाला होता. "मी त्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांग. त्या अमेरिकेतल्या बाईने लग्न मोडलं म्हणावं, शिव्या मला देऊ देत. आणि तुझी नोकरी?"

"सोमवारी राजीनामा देणार होते."

"देऊ नकोस."

रिसीव्हर ठेवून अहिल्याबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुसरा नंबर फिरवायला घेतला.

"काकूंशी मी बोलतो, आई."

"नको. तिचं मीठ मी खाल्लंय, मलाच बोलायला हवं." पलीकडे फोन उचलला गेला. "आसावरी, नागपूरचं लग्न मी मोडलंय. ठेवू नकोस, ऐक. दीपाच्या गळ्यात बांधून आपला नकुल बरा व्हायचा नाही. मी येतेय. आपण दोघी त्याला पुन्हा केंद्रात घेऊन जाऊ."

आसावरीकाकूंनी फोन आपटला. तो आवाज ईशानलाही ऐकू आला. अहिल्याबाईंनी शांतपणे चपला घातल्या.

"चल, मला सोड तिच्याकडे."

"आई, काकू दार उघडणार नाहीत."

"आज नाही उघडणार," अहिल्याबाई म्हणाल्या. "मी पायरीवर बसेन."